समेट की मिटवामिटवी?

(मंचाच्या मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून देत आहोत. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



 संयोजकांचा फोन आला तेव्हा खरं सांगायचं तर मी जरा बिचकलो. आपल्या मंचावर फुले, आंबेडकर, शाहू यांच्यावर व्याख्यानं होतात, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी वर्गणी गोळा होते, धर्मचिकित्सा तर कायमचीच. तिथे एका ख्रिस्ती माणसाने वंशभेद, दुःख, न्याय आणि समेट यांवर आपल्या श्रद्धेच्या अंगाने बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मी म्हटलं, मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही, डेटाबेसवर काम करणारा माणूस आहे. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला विचारतोय. असो. तुमच्यापैकी बरेच जण नास्तिक आहात हे मला ठाऊक आहे. कुणाला चर्चमध्ये नेण्याचा माझा विचार नाही. उलट चर्चबद्दलच्या काही तक्रारी मीच तुमच्यापुढे ठेवणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. मराठी बायबलमध्ये, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, 'समेट' असा शब्द येतो. देवाने माणसाशी समेट केला आणि समेट घडवून आणण्याचं काम आमच्याकडे सोपवलं, असा तिथला आशय. लहानपणी रविवारच्या उपासनेत हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला. पण तो ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे येशू यायचा नाही. आजोबांची सायकल यायची.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१पासून, त्यामुळे आमच्या भागात महारवाड्यातली बरीच कुटुंबं ख्रिस्ती झालेली. आमचंही त्यातलंच. आजोबांनी मास्तरकीच्या पगारातून पैसे साठवून जुनी सायकल घेतली. चावडीवरून जाताना खाली उतरून सायकल हातात धरून न्यायची, असा गावाचा अलिखित नियम. एक दिवस ते उतरले नाहीत. मारहाण झाली, सायकल विहिरीत गेली.

आठवड्याभराने समेट झाला. तालुक्याहून पाळकसाहेब आले, पाटील आले, शाळेच्या खोलीत बैठक बसली. चहा झाला, कप वेगळेच होते. सगळ्यांनी आजोबांना सांगितलं, मास्तर, तुम्ही ख्रिस्ती आहात, तुमच्या धर्मात क्षमा आहे, झालं गेलं विसरा. आजोबा 'विसरलो' म्हणाले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पाटलांनीही हात जोडले म्हणे. आजी हे सांगायची तेव्हा शेवटी एवढंच म्हणायची, "समेट झाला, पण सायकल काय आली नाही."

तुम्ही गावाकडचे असाल तर समेट या शब्दाचा हा दुसरा अर्थ तुम्हाला माहीत असणार. अ‍ॅट्रॉसिटीची केस झाली की चार दिवसांत मध्यस्थ येतात. गावात राहायचंय ना, मग घ्या समेट करून. यालाच आपण मिटवामिटवी म्हणतो. ज्याला लागलंय त्याने गप्प बसायचं आणि ज्याने मारलंय त्याने हात जोडायचे, की प्रकरण मिटलं. पौलाचा समेट आणि गावचा समेट या दोन गोष्टींसाठी आपल्या भाषेत एकच शब्द असावा याचा मला बरेच दिवस राग होता. पुढे या देशात आल्यावर कळलं की ही अडचण एकट्या मराठीची नाही.

आता चार्ल्स्टनकडे वळतो. १७ जून २०१५ची घटना तुम्हा सर्वांना आठवत असेल, तरी थोडी उजळणी करतो, कारण तपशील महत्त्वाचे आहेत. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात इमॅन्युएल एएमई नावाचं कृष्णवर्णीयांचं जुनं चर्च आहे. बुधवारची संध्याकाळ, बायबल अभ्यासाचा वर्ग. विषय होता मार्कच्या चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला. २१ वर्षांचा एक गोरा तरुण आत आला. मंडळींनी त्याला बसायला जागा दिली, अभ्यासाचा कागद दिला. जवळजवळ तासभर तो त्यांच्यात बसला. शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्याने पिस्तूल काढलं. नऊ माणसं गेली. त्यांत चर्चचे पाळक आणि राज्याचे सेनेटर क्लेमेंटा पिंकनी होते, सत्तरी-ऐंशीतल्या बाया होत्या, २६ वर्षांचा टायवान्झा सँडर्स होता. पाच जण वाचले.

हे चर्च काय आहे हे समजल्याशिवाय ही घटना समजत नाही. एएमई, म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, या पंथाचा उगम फिलाडेल्फियातला. तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत असलेल्या काळ्या सभासदांना मधूनच उठवण्यात आलं, कारण ते 'आपल्या' जागेवर नव्हते. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले आणि पुढे १८१६ साली त्यांनी स्वतंत्र पंथ स्थापन केला. चार्ल्स्टनमध्ये भांडणाचं निमित्त स्मशानभूमीचं होतं. काळ्या सभासदांच्या दफनभूमीवर गोऱ्यांच्या चर्चने शववाहिकेसाठी इमारत बांधायला घेतली, तेव्हा मॉरिस ब्राउन यांच्या मागे हजारो काळे सभासद चर्च सोडून गेले. (तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलित आणि सवर्ण ख्रिश्चनांच्या थडग्यांमध्ये भिंत आहे हे वाचलं होतं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. मेल्यावरही जागा ठरलेली, ही आमच्या दोन्ही देशांच्या चर्चची कमाई.)

१८२२ साली या चर्चशी संबंधित असलेल्या डेन्मार्क व्हेझी याच्यावर गुलामांच्या उठावाचा कट केल्याचा आरोप झाला. त्याच्यासह ३५ जणांना फाशी दिली, चर्चची इमारत पाडून टाकली. १८३४मध्ये काळ्यांच्या चर्चवर बंदी आली. मंडळी लपून भेटत राहिली. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली नवी इमारत झाली, तिचा आराखडा केला व्हेझीच्या मुलाने. आजची इमारत १८९१ची. ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव कॅलहून स्ट्रीट. गुलामगिरी ही वाईट पण अटळ गोष्ट नसून चांगलीच गोष्ट आहे, असं सेनेटमध्ये ठासून सांगणारे जॉन कॅलहून ते हेच. २०१५मध्ये त्यांचा उंच पुतळाही चर्चपासून पायी दोन-तीन मिनिटांवर उभा होता. म्हणजे उपासनेला जाणारी म्हातारी दर रविवारी त्या माणसाच्या नावाच्या रस्त्याने जाणार आणि वर पाहिलं तर तोच दिसणार.

हत्येनंतर दोनच दिवसांनी, १९ जूनला, आरोपीच्या जामिनाची सुनावणी झाली. न्यायाधीशाने सुरुवातीलाच सांगितलं की आरोपीच्या कुटुंबीयांनाही आपण बळी मानलं पाहिजे. मग मृतांच्या नातेवाइकांना बोलायचं असेल तर बोला, असं विचारलं. एथेल लान्स यांची मुलगी नेडीन कॉलियर उभी राहिली आणि रडत रडत तिने व्हिडिओच्या पडद्यावरच्या त्या पोराला सांगितलं की मी तुला क्षमा करते. मग आणखी काही जण तसंच बोलले. जगभर ती चित्रफीत पाहिली गेली. आठवड्याभराने राष्ट्राध्यक्ष ओबामा पिंकनी यांच्या अंत्यविधीला आले आणि भाषणाच्या शेवटी भजन गायले.

मीसुद्धा ती चित्रफीत आपल्या ग्रुपवर पाठवली होती. काहींना आठवत असेल. वर लिहिलं होतं, हा खरा ख्रिस्ती धर्म. ग्रुपमधल्या नास्तिकांनीही टाळ्या वाजवल्या. 'केवढं मोठं मन!' 'आपल्याला जमलं नसतं!' एरवी पटेल जिंकले की वेंगसरकर यावर भांडणारे आपण, त्या दिवशी सगळे एकमताने भारावलेले होतो.

जुलैमध्ये मी बायको-मुलांना घेऊन चार्ल्स्टनला गेलो. शार्लटहून साडेतीन तासांचा रस्ता. चर्चबाहेर फुलांचे ढीग होते, लोक फोटो काढत होते. तिथे एक वयस्क काळे गृहस्थ सुकलेली फुलं गोळा करत होते. मी त्यांना म्हटलं, तुमच्या मंडळीने जगाला केवढी शिकवण दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, जगाने घेतली का? आणि पुन्हा फुलं गोळा करायला लागले. उत्तराची वाटही पाहिली नाही.

त्या दिवसापासून मी त्या क्षमेबद्दल निराळ्या पद्धतीने वाचायला लागलो. पहिली गोष्ट ही लक्षात आली की 'त्यांनी क्षमा केली' हे आपण सरसकट म्हणत होतो, पण सगळ्यांनी केली नव्हती. नेडीनची सख्खी बहीण, शॅरन रिशर, स्वतः धर्मसेविका. आई तीच, दुःख तेच. पण ती तेव्हा क्षमेला तयार नव्हती आणि ते जाहीरपणे सांगत होती. तिला वेळ हवा होता. टीव्हीला तिचा उपयोग कमी होता. क्षमा न करणारी काळी बाई दाखवायला कुणाला आवडतं? नेडीनला तिच्या श्रद्धेतून ते करावंसं वाटलं, ती तिची गोष्ट, आणि तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. प्रश्न तिचा नाहीच. प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांचा आहे.

कारण पुढे काय झालं? काही झालं नाही असं मी म्हणणार नाही. कोलंबियाला विधानभवनाच्या आवारात फडकणारा कॉन्फेडरेट झेंडा १० जुलै २०१५ला उतरला. तो तिथे आणला होता १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे नागरी हक्कांची चळवळ जोरात असताना. शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धाची आठवण नेमकी तेव्हाच झाली होती! कॅलहूनचा पुतळा २०२०च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर उतरला. शहराच्या कौन्सिलने १९ जून २०१८ला गुलामगिरीबद्दल माफी मागणारा ठराव केला. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी सुमारे ४० टक्के ज्या बंदरातून आत आले, त्या शहराचा हा ठराव ७ विरुद्ध ५ मतांनी पास झाला. पाच जणांना तेवढंही जड गेलं.

खुन्याला पिस्तूल मिळालं ते तपासणीतल्या ढिसाळपणामुळे. नियमाप्रमाणे तीन दिवसांत तपासणी पुरी झाली नाही तर दुकानदार शस्त्र विकू शकतो. त्याच्या नोंदीत गडबड झाली होती, तपासणी लांबली, त्याला पिस्तूल मिळालं. कुटुंबं कोर्टात गेली. ज्यांनी क्षमा केली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या तीच मंडळी वकील करून सरकारशी पाच वर्षांहून अधिक काळ लढली आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ८ कोटी ८० लाख डॉलर्सवर तडजोड केली. हे कुणी ग्रुपवर पाठवलं नाही. मीही नाही. पिंकनींच्या नावाचं द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धचं विधेयक राज्याच्या कनिष्ठ सभागृहात २०२१ आणि २०२३मध्ये, दोनदा मंजूर झालं आणि दोन्ही वेळा सेनेटमध्ये अडकलं. पिंकनी ज्या सेनेटमध्ये बसत होते, तीच ही सेनेट.

बायबल याबद्दल काय म्हणतं? लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. तो रोमन राज्यासाठी कर गोळा करणारा, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. आम्हाला संडे स्कूलमध्ये तो बुटका होता आणि उंबराच्या झाडावर चढला, एवढंच शिकवलं. चित्रही रंगवायला दिलं होतं. पण गोष्टीचा गाभा पुढे आहे. जक्कय उभा राहतो आणि हिशेब सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. येशू त्याच्या घराला तारण मिळालं असं म्हणतो ते यानंतर, आधी नाही. आणखी एक जागा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. जाण्याची जबाबदारी कुणावर टाकली आहे ते बघा. ज्याच्यामुळे दुखलं त्याच्यावर. आजोबांच्या बैठकीत सगळे कुणाकडे पाहत होते? पाळकसाहेबांनी हाच अध्याय कितीदा शिकवला असेल, पण त्या दिवशी तो त्यांनी उलटा वाचला.

दुःखाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आमच्या धर्मात मध्यभागीच क्रूस आहे. 'प्रभूने सोसलं, तूही सोस' हे वाक्य आमच्या घरातल्या बायकांनी किती ऐकलं असेल याचा हिशेब नाही. जेम्स कोन नावाचे काळे धर्मशास्त्रज्ञ होते, २०१८ साली वारले. ते स्वतः एएमई चर्चमध्ये वाढले. २०११ साली त्यांनी क्रूस आणि लिंचिंगचं झाड यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या देशात हजारो काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारलं, बघायला गर्दी जमायची, फोटोची पोस्टकार्डं निघायची, आणि गर्दीतले लोक रविवारी क्रूसाला नमन करायचे. पण नामवंत गोऱ्या धर्मपंडितांना कधी सुचलं नाही की ही दोन लाकडं एकच आहेत. अलाबामात माँटगोमरीला २०१८पासून या बळींचं स्मारक आहे. छताला टांगलेले आठशेच्या वर पोलादी खांब, प्रत्येक काउंटीचा एक, त्यावर नावं. जमलं तर मुलांना घेऊन जा. अर्थात कोन यांनाही डेलोरेस विल्यम्स यांच्यासारख्या काळ्या स्त्री-विचारवंतांनी हटकलं होतं: क्रूसातून दुःखालाच पवित्र करून ठेवू नका, सोसण्याचं काम शेवटी बायकांच्याच वाट्याला येतं. हे वाद वाचताना मला आजी आठवायची. ती रोज प्रार्थनेत पाटलाला क्षमा करायची. आणि दर वर्षी आम्हा पोरांना सायकलची गोष्ट सांगायची. दोन्ही एकाच माणसाकडून व्हायचं आणि तिला त्यात काही विसंगती वाटत नव्हती.

दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि समेट आयोगाच्या काळात सांगितली गेलेली एक गोष्ट आहे, ती वाचली तेव्हा मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. एक पोरगा दुसऱ्याची सायकल चोरतो. वर्षभराने येतो आणि म्हणतो, चल, आता समेटाबद्दल बोलू. दुसरा म्हणतो, आधी सायकल. पहिला म्हणतो, सायकल नको, समेट बोलू. बास, एवढीच गोष्ट. बिशप टुटूंच्या आयोगाने निदान खरं बोलण्याची अट घातली होती. पूर्ण कबुली दिल्याशिवाय माफी नाही. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली साडेआठशेच्या आसपास लोकांना. तरी स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने १९९६ साली कोर्टात विचारलंच की आमचा खटला चालवण्याचा हक्क तुम्ही परस्पर कसा सोडून दिलात. ते हरले. पीडितांना शेवटी २००३मध्ये प्रत्येकी ३० हजार रँड जाहीर झाले. सायकलचा एखादा पेडल आला म्हणायचा.

आता आपल्याकडे येतो. आपण या गोष्टीत कुठे आहोत? आपल्यातल्या अनेकांना वाटतं की हे काळ्या-गोऱ्यांचं जुनं भांडण आहे, आपण नंतर आलो, आपला काय संबंध. १९६५च्या आधी भारतातून वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. तो कायदा बदलला ३ ऑक्टोबर १९६५ला, नागरी हक्कांच्या कायद्यानंतर सव्वा वर्षाने, मतदान हक्काच्या कायद्यानंतर दोन महिन्यांत. वंशावरून कोटा ठरवणं त्या चळवळीनंतर सरकारला टिकवता येईना. ज्या दारातून आपण आलो ते दार उघडायला बर्मिंगहॅममध्ये शाळकरी पोरांनी पाण्याच्या तोफा आणि कुत्रे अंगावर घेतले. आणि आपण इथे येऊन पहिला सल्ला काय देतो? 'त्या एरियात घर बघू नको, तिकडे काळ्यांची वस्ती आहे.' शाळा 'चांगली' म्हणजे काय, हे आपण न बोलता एकमेकांना सांगतो. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल, याचं आपण अभिमानाने वाचन करतो. मग त्याच संध्याकाळी गाडीत बसून दारं लॉक झाली का बघतो. हे मी तुम्हाला ऐकवत नाही. गाडी माझीच होती.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १६ एप्रिल १९६३ला बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं ते कु क्लक्स क्लॅनला नव्हतं. ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना होतं, जे स्वतःला समंजस समजत होते आणि जरा सबुरीने घ्या म्हणत होते. मी ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं, छान झोडपलंय त्यांना. पुढे पुन्हा वाचताना तसं वाटलं नाही. का, ते सांगतो आणि थांबतो. हे सांगायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली आहे.

मी २००१ साली इथे आलो. ज्या कंपनीत लागलो तिथे टेस्टिंगचं काम पाहणारी एक काळी बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिने मला काम शिकवलं. थंडीचा कोट कुठे स्वस्त मिळतो ते दाखवायला स्वतः घेऊन गेली. माझा पहिला थँक्सगिव्हिंग तिच्या घरी झाला. मी मांस फारसं खात नाही म्हणून तिच्या आईने माझ्यासाठी वेगळा मक्याचा पदार्थ केला होता. २००८ साली एका रिलीजमध्ये व्याजाचे आकडे चुकले आणि ते हजारो खात्यांवर गेले. मोठा गोंधळ झाला. सोमवारी मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला की टेस्टिंगमध्ये हे सुटलं. ते सुटलं नव्हतं. तिने आधीच इ-मेल लिहिली होती की ही टेस्ट फेल होते आहे, रिलीज थांबवा. इ-मेल मॅनेजरला होती आणि तिची प्रत मला. मॅनेजरने विचारलं, कुणाला काही सांगायचंय? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमध्ये पाहत राहिलो. माझा ग्रीन कार्डचा अर्ज मध्येच अडकलेला होता, बायकोला दिवस गेलेले होते. ही कारणं खरी आहेत. २००९च्या वसंतात कपात झाली, त्या यादीत तिचं नाव होतं. तिची इ-मेल तिने दाखवली असेलच, पण साक्षीला कुणी नव्हतं. २०११ साली मला ग्रीन कार्ड मिळालं.

चार्ल्स्टनहून परत येताना गाडी चालवत असताना मला एकदम कळलं की ती चित्रफीत मी एवढ्या उत्साहाने ग्रुपवर का पाठवली होती. काळी बाई न मागता क्षमा करते, हे पाहून मला बरं वाटलं होतं. माझंही मिटेल असं वाटलं होतं.

तिला शोधायला दोन महिने लागले. ती एका छोट्या कॉलेजात नोकरी करत होती, पगार पूर्वीपेक्षा बराच कमी. एका कॉफी शॉपमध्ये भेटलो. मी सगळं सांगितलं आणि क्षमा मागितली. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली की तुला मी केव्हाच क्षमा केली, कारण ते ओझं मला नको होतं. तो माझा आणि देवाचा व्यवहार. पण त्या इ-मेलचं काय? मला पहिल्यांदा कळलंच नाही. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला अजून वाटतं की माझ्या हातून काहीतरी चुकलं असणार. मुलगा तेव्हा हायस्कूलमध्ये होता, त्याला मी काय सांगितलं असेल? तू काय पाहिलंस ते लिही आणि खाली सही कर.

ते लिहायला मला तीन आठवडे लागले. दीड पान. बायको म्हणाली, आधी वकिलाला विचार. मित्र म्हणाला, सात वर्षांनी कशाला उकरून काढतोस, तिने क्षमा केली ना? अगदी पाटलांच्या बैठकीतल्यासारखं. शेवटी लिहिलं. एक प्रत तिला पाठवली, एक त्या कंपनीच्या एचआरला, एक त्या मॅनेजरला. एचआरचं दोन ओळींचं उत्तर आलं की आपलं पत्र मिळालं, नोंद घेतली आहे. मॅनेजरचं काहीच आलं नाही. मला कसलाही त्रास झाला नाही, नोकरीही गेली नाही. एवढ्यासाठीच मी सात वर्षं घाबरत होतो. तिची नोकरी काही परत आली नाही, आणि गेलेल्या वर्षांचा पगारही नाही. ते मी भरून देऊ शकत नाही आणि चौपट तर मुळीच नाही.

आम्ही आता मित्र आहोत का, असं परवा एकाने विचारलं. नाही. नाताळला एकमेकांना शुभेच्छा पाठवतो. थँक्सगिव्हिंगला तिने पुन्हा बोलावलेलं नाही, आणि ती बोलावेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

मात्र माझं पत्र मिळाल्यावर आठवड्याने तिच्याकडून एक पाकीट आलं. आत माझंच दीड पान होतं. एका जागी लाल पेनाने खूण केली होती. मी लिहिलं होतं की तिने इ-मेल शुक्रवारी पाठवली. तिने ते खोडून गुरुवार लिहिलं होतं आणि समासात लिहिलं होतं की शुक्रवारचा अख्खा दिवस थांबवायला हातात होता. मी जुन्या फाइली काढून पाहिलं. गुरुवारच होता. मी दुरुस्ती केली, नवीन प्रिंट काढली, खाली सही केली आणि परत पोस्टात टाकली.